दुखत नाही ना, मग राहू दे

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात मी एक अख्खी दुपार तिथल्या आशाताईंबरोबर हिंडले. त्यांच्या हातात फॉर्मचा गठ्ठा होता, खांद्याला पिशवी आणि पिशवीत कमरेचा घेर मोजायची टेप. तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा हा फॉर्म भरायचा असतो, त्याला सगळे ‘सीबॅक’ म्हणतात. तंबाखू खाता का, दारू घेता का, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असे प्रश्न आधी येतात आणि त्यांना गुण असतात. मग लक्षणांची यादी. त्या यादीत बायकांसाठी छातीचे तीन प्रश्न: गाठ लागते का, बोंडातून रक्तासारखं पाणी येतं का, आकार बदललाय का.

पहिल्या घरी ओट्यावर सासरे बसले होते. सुनेनं तिन्ही प्रश्नांना मान हलवली. नाही, नाही, नाही. दुसऱ्या घरी दीर मोटारसायकल पुसत होता. तिथंही नाही. चौथ्या घरी आशाताई म्हणाल्या, “वहिनी, जरा पाणी देता का?” आणि तिच्या मागोमाग आत चुलीपाशी गेल्या. मी ओट्यावरच बसले. परत आल्या तेव्हा फॉर्मवर एका ठिकाणी ‘हो’ होतं.

“पाणी पिऊन पिऊन पोट फुगतं माझं,” बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, “पण आत गेल्याशिवाय बाई बोलत नाही.”

त्या वहिनींची गाठ दिवाळीत वाटाण्याएवढी होती. आम्ही गेलो तेव्हा ती सुपारीएवढी झाली होती. मधल्या काळात त्यांनी ती कुणाला दाखवली नव्हती, आणि त्याचं कारण एका वाक्याचं होतं: दुखत नाही, मग राहू दे.

या वाक्याइतकं नुकसान दुसऱ्या कुठल्या गैरसमजानं केलं असेल असं मला वाटत नाही. आपलं शरीराबद्दलचं सगळं शहाणपण दुखण्यावर बेतलेलं आहे. दुखलं तर डॉक्टर, नाही तर काम. स्तनाच्या कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. उलट पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना जे ठणकतं, जड वाटतं, ते बहुतेकदा हार्मोन्सचं असतं आणि पाळी आली की ओसरतं. म्हणजे जिथं बाई घाबरते तिथं बहुधा काही नसतं, आणि जिथं निर्धास्त राहते तिथं पाहायला हवं असतं.

आकडे एकदा सांगून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे 98 हजार मृत्यू. भारतीय बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आता हाच आहे. दुसरीकडे, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांना विचारलं, की कर्करोगासाठी तुमची छाती कधी तपासली गेली आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या होत्या 0.9 टक्के. शंभरात एकसुद्धा नाही.

दोन गोष्टी, ज्या आपण एकच समजतो

‘लवकर निदान’ आणि ‘स्क्रीनिंग’ हे शब्द बातम्यांत, शिबिरांच्या फलकांवर एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्क्रीनिंग म्हणजे जिला काहीच होत नाही अशा बाईची तपासणी. तिला गाठ लागलेली नाही, तक्रार नाही, ती ठणठणीत आहे, आणि तरीही ठरावीक वयात ठरावीक वर्षांनी आपण तिला बोलावतो. ब्रिटनमध्ये 50 ते 71 या वयात दर 3 वर्षांनी मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचं, पत्र घरी येतं. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनं 2024 मध्ये 40 ते 74 वयापर्यंत दर 2 वर्षांनी मॅमोग्राफी सुचवली आहे.

लवकर निदान म्हणजे जिला काहीतरी जाणवलंय तिला वेळ न दवडता छडा लावून देणं. त्या वहिनींना स्क्रीनिंगची गरजच नव्हती. त्यांची गाठ त्यांच्याच बोटांना लागली होती. त्यांना हवं होतं ते एवढंच, की ही गोष्ट कुणाला तरी सांगता यावी आणि त्या कुणीतरी पुढची वाट दाखवावी.

माझं मत विचाराल तर महाराष्ट्राच्या खेड्यांत आधी हे दुसरं काम व्हायला हवं. जिथं सुपारीएवढी गाठ घेऊन बाई सहा महिने घरात बसते, तिथं तांदळाच्या दाण्याएवढी गाठ हुडकणारं यंत्र आणून काय करणार? जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये जे उद्दिष्ट ठेवलं तेही याच विचाराचं आहे. निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान 60 टक्के रुग्ण पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात सापडावेत. पहिल्यांदा दाखवल्यापासून 60 दिवसांत निदान पक्कं व्हावं. आणि 80 टक्के जणींचे उपचार पुरे व्हावेत. यातला मधला आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो यंत्रांबद्दल नाही, दिवसांबद्दल आहे.

मुंबईतली वीस वर्षं

मॅमोग्राफीची यंत्रं महाग, ती वाचणारे रेडिओलॉजिस्ट मोजके, आणि तेही शहरांत. मग कमी खर्चात काय करता येईल? हा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांना 1990 च्या दशकातच पडला होता. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये एक प्रयोग सुरू केला. मुंबईच्या वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या 1 लाख 51 हजार 538 बायका त्यात होत्या. वस्त्यांचे 20 गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यातले 10 एका बाजूला, 10 दुसऱ्या बाजूला केले. एका बाजूच्या बायकांची छाती दर 2 वर्षांनी, अशी 4 वेळा, हातानं तपासली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. या कामासाठी तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. दुसऱ्या बाजूच्या बायकांना कर्करोगाची माहिती दिली, तपासणी नाही. आणि मग दोन्हीकडच्या बायकांची खबरबात तब्बल 20 वर्षं ठेवली. मुंबईसारख्या शहरात, जिथं झोपडी उठते, भाडेकरू बदलतो, माणूस गावी निघून जातो, तिथं दीड लाख बायकांचा माग ठेवणं म्हणजे काय, याची कल्पना केली तरी दम लागतो.

निकाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची तपासणी झाली त्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडणाऱ्या रुग्ण 37 टक्के होत्या, दुसऱ्या गटात 47 टक्के. म्हणजे नुसत्या हातानं तपासूनही आजार आधीच्या टप्प्यावर पकडला गेला. मृत्यूंचं काय? सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर मृत्यू 15 टक्क्यांनी कमी दिसले, पण एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, असं संख्याशास्त्र सांगतं. 50 आणि त्यापुढच्या बायकांत मात्र मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी होतं, आणि तो फरक योगायोगाचा म्हणता येण्यासारखा नव्हता. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा ठोस फायदा दिसला नाही.

हा निकाल मी कुणाला सांगितला की दोन प्रतिक्रिया येतात. “म्हणजे हातानं तपासून भागतं तर!” किंवा “म्हणजे पन्नाशीच्या आत उपयोगच नाही!” दोन्ही घाईच्या आहेत. पहिलीला उत्तर असं, की शिकलेल्या हातानं, ठरलेल्या अंतरानं, आणि गाठ लागली तर पुढच्या तपासण्यांची सोय असताना भागतं. दुसरीला उत्तर असं, की आजार आधीच्या टप्प्यावर सापडण्याचंही मोल असतं. गाठ लहान असेल तर बऱ्याचदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही, केमोचा मारा कमी होतो, घरची म्हैस विकायची वेळ टळते.

इथं एक फाटा फोडते, कारण ‘लवकर सापडलं म्हणून जास्त जगली’ हे वाक्य दिसतं तितकं सरळ नाही. समजा, डेक्कन क्वीननं दोन बायका पुण्याहून मुंबईला निघाल्यात. एकीला तिकीट तपासनीस लोणावळ्यातच भेटला, दुसरीला दादरला. तपासनिसाच्या वहीत पहिलीचा पुढचा प्रवास लांबलचक दिसेल, दुसरीचा दहा-पंधरा मिनिटांचा. पण दोघी मुंबईला एकाच वेळी उतरणार. गाठ लवकर सापडली की ‘निदानानंतरची वर्षं’ आपोआपच जास्त मोजली जातात, मरण पुढे ढकललं गेलं असो वा नसो. भारतातल्या कर्करोग नोंदणी केंद्रांचा 2012 ते 2015 मधल्या रुग्णांचा हिशेब आहे: आजार स्तनापुरता असताना सापडला तर 5 वर्षांनी शंभरातल्या 81 जणी हयात, आसपास पसरल्यावर सापडला तर सुमारे 65, आणि दूरच्या अवयवांत गेल्यावर फक्त 18. ही दरी खरी आहे, उपचारांनी पडलेली आहे, पण तिच्यात थोडा वाटा या तपासनिसाच्या वहीचाही असतो. म्हणूनच मुंबईच्या प्रयोगात वर्षं मोजली नाहीत, मृत्यू मोजले. आणि म्हणूनच त्या 30 टक्क्यांना वजन आहे.

मग आरशासमोर उभं राहून स्वतः तपासायचं की नाही?

‘दर महिन्याला ठरलेल्या दिवशी स्वतःची छाती तपासा’ हा सल्ला आपण वर्षानुवर्षं ऐकला. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या 2 लाख 66 हजार बायकांवर याचा मोठा प्रयोग झाला. निम्म्या जणींना नीट शिकवलं, सराव करून घेतला. 2002 मध्ये निकाल आला तेव्हा शिकवलेल्या गटात 135 मृत्यू होते, न शिकवलेल्या गटात 131. फरक नाहीच. मात्र शिकवलेल्या गटात निरुपद्रवी गाठींसाठी केलेल्या बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासण्या, जास्त होत्या.

याचा अर्थ स्वतःच्या छातीकडे पाहूच नका असा नाही. दरमहाची कवायत नको, पण ओळख हवी. आपली छाती एरवी कशी असते हे बाईला माहीत असेल तर बदल लगेच कळतो. आंघोळीच्या वेळी साबणाचा हात फिरतोच, तेवढ्यात कळतं. कडक, एका जागी रुतल्यासारखी गाठ. काखेत गाठ. कातडीला पडलेली खळी, किंवा संत्र्याच्या सालीसारखी जाड झालेली कातडी. पूर्वी बाहेर असलेलं बोंड आत ओढलं जाणं. बोंडावर न भरणारा, खाजणारा चट्टा. पिळलं नसतानाही आपोआप येणारं, विशेषतः रक्ताळ पाणी. एका बाजूचा बदललेला आकार. यातलं काहीही नवं दिसलं, तर वेळ न दवडता दाखवायचं.

अंगावर पाजणाऱ्या बाईची गोष्ट अवघड असते. तिची प्रत्येक गाठ ‘दूध साकळलंय’ या खात्यात जाते. बहुतेकदा ते खरंही असतं. पण शेक देऊन, बाळाला पाजून, औषध घेऊन दोन आठवड्यांत गाठ विरली नाही तर सोनोग्राफी करून घ्यावी. पाजत असताना सोनोग्राफी करायला काहीच अडचण नसते.

आणि हो, पुरुषांनाही हा आजार होतो. शंभर रुग्णांत साधारण एक. बोंडामागे कडक गाठ लागलेला काका ‘मला कसं होईल’ म्हणत बायकांपेक्षाही उशिरा येतो.

आत्याला विसरू नका

धोका कुणाला जास्त? बाई असणं आणि वय वाढणं हीच दोन सर्वांत मोठी कारणं, आणि दोन्हींवर कुणाचा इलाज नाही. त्यानंतर येतात ती हार्मोन्सशी जोडलेली: पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, मूल न होणं किंवा पहिलं मूल तिशीनंतर होणं, अंगावर न पाजणं. पाळी गेल्यानंतरचं वाढलेलं वजन आणि दारू यांनीही धोका वाढतो. भारतात शहरांत हा आजार खेड्यांपेक्षा जास्त आढळतो त्यामागे ही कारणं आहेत. आपल्याकडे हे ताडून पाहता येतं, कारण मुंबईत 1963 पासून कर्करोगाची नोंदणी होते आहे आणि सोलापूर जिल्ह्यात बार्शीला 1987 मध्ये देशातलं पहिलं ग्रामीण नोंदणी केंद्र सुरू झालं.

या यादीचा गैरवापर होतो तोही सांगते. गाठ सापडलेल्या बाईला ‘तू उशिरा मूल होऊ दिलंस म्हणून’ असं ऐकवणारे नातेवाईक मी पाहिलेत. ही कारणं लोकसंख्येच्या हिशेबाची आहेत, एका बाईच्या गाठीचं कारण त्यातून सांगता येत नाही. चार मुलं अंगावर पाजलेल्या, सडपातळ, शेतात राबणाऱ्या बाईलाही कर्करोग होतो. घट्ट ब्रा, काळी ब्रा, पाकीट किंवा मोबाइल ब्लाउजमध्ये ठेवणं, मार लागणं यांनी कर्करोग होत असल्याचा पुरावा नाही.

आनुवंशिक म्हणता येतील असे रुग्ण शंभरात 5 ते 10. त्यात बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही जनुकं सर्वांत जास्त माहितीची. त्यांच्यात बिघाड घेऊन जन्मलेल्या बाईला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या आसपास जाते, आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

डॉक्टर विचारतात, “घरात कुणाला होता का?” आपल्या बायका आई, मावशी, आजी आठवतात आणि ‘नाही’ म्हणतात. आत्या आठवत नाही. वडिलांची आई आठवत नाही. हे जनुक वडिलांकडूनही तितकंच येतं! शिवाय जुन्या पिढीत आजाराचं नाव घेतलं जात नसे. ‘गाठ होऊन गेली’, ‘पोटात पाणी होऊन गेली’ एवढंच सांगितलं जाई. त्या पोटातल्या पाण्यामागे अंडाशयाचा कर्करोग असू शकतो. तेव्हा पुढच्या लग्नाकार्यात म्हातारी माणसं एकत्र बसली की दोन्हीकडच्या बायका कशानं गेल्या, कितव्या वर्षी गेल्या, हे विचारून कुठंतरी लिहून ठेवा. पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झालेलं जवळचं माणूस, एकाच बाजूचे दोन-तीन रुग्ण, अंडाशयाचा कर्करोग, किंवा पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग यातलं काही निघालं तर जनुकीय सल्ला घ्यावा. अशा घरातल्या बायकांची तपासणी लवकरच्या वयात सुरू होते आणि त्यात एमआरआयही येतो.

तपासणीत नेमकं होतं काय

उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर जी तपासणी करतात ती पाच-दहा मिनिटांची. केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 30 ते 65 वयाच्या बायकांची ती दर 5 वर्षांनी व्हायला हवी. आधी बसवून, हात वर करायला लावून, दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते पाहतात. मग आडवं झोपवून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी चाचपतात. बोटं टोचून नाही, पालथी ठेवून, आधी हलकं, मग मध्यम, मग बरगडीपर्यंत जाईल इतकं दाबून. शेत नांगरताना तासाला तास लावून जातात तशी बोटं गळ्याच्या हाडापासून खाली आणि खालून वर, काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत. मध्ये पट्टा सुटता कामा नये. शेवटी दोन्ही काखा. ब्लाउज न काढता वरवर हात लावून कुणी ‘नॉर्मल’ लिहिलं तर ती तपासणी झालेली नाही, हे बाईला माहीत असायला हवं.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. दोन पट्ट्यांत छाती काही सेकंद दाबून धरतात. त्रास होतो, पण थोडाच वेळ. पाळी येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात गेलं तर कमी दुखतं. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, त्याचे कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसतात. तरुण वयात छातीत दूधग्रंथींचा भाग जास्त असतो, तो फोटोत पांढरा दिसतो, आणि गाठही पांढरीच. धुक्यात पांढरी गाय शोधण्यातला प्रकार. म्हणून चाळिशीच्या आत आधी सोनोग्राफी करतात. छातीचं तापमान मोजून कर्करोग ओळखण्याच्या थर्मोग्राफीची जाहिरातही होते. ती मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं स्पष्ट बजावलं आहे.

रिपोर्टच्या तळाशी ‘बायरॅड्स’ आणि पुढे एक आकडा असतो. तो पाहून घरोघरी घबराट होते, म्हणून त्याचा अर्थ इथं देते. 0 म्हणजे चित्र अपुरं, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. 1 म्हणजे काही नाही. 2 म्हणजे काहीतरी आहे पण निरुपद्रवी. 3 म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोग असण्याची शक्यता 2 टक्क्यांहून कमी, साधारण 6 महिन्यांनी पुन्हा पाहायचं. 4 ला शंका आहे, तुकडा तपासायला हवा. 5 ला शंका दाट. 6 म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला. ‘तीन नंबर आला म्हणजे तिसरी स्टेज’ असं समजून रडत बसलेली एक बाई मला भेटली आहे. टप्पा वेगळा, हा आकडा वेगळा.

बायोप्सीला लोक ‘तुकडा काढणं’ म्हणतात आणि ‘सुई लागली की पसरतो’ ही भीती तिथंच जन्मते. ही समजूत कशी रुजली असेल ते कळतं. पूर्वी बाई आजार पसरल्यावरच यायची, सुई लागायची, आणि काही महिन्यांत जायची. घरच्यांच्या आठवणीत सुई राहिली. खरं तर सुईच्या तपासणीनं कर्करोग पसरतो असा पुरावा नाही, आणि तुकडा तपासल्याशिवाय गाठीचा प्रकार कळत नाही, उपचारही ठरत नाहीत. उलट, तपासणी न करता गाठ अर्धवट कापून टाकणं हे मात्र नक्की चुकीचं.

शिबिर संपल्यावर

हिंगोली जिल्ह्यात 2025 मध्ये ‘संजीवनी’ नावाची मोहीम झाली. जवळपास 2 लाख 93 हजार बायकांना प्रश्नावलीतून विचारणा झाली, त्यात 14 हजार 500 हून अधिक जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणं आढळली. विधिमंडळात ही माहिती आली आणि ‘एका जिल्ह्यात 14 हजार बायकांना कर्करोग’ अशा थाटाचे संदेश फोनवर फिरू लागले. पुढच्या तपासण्यांनंतर तेव्हा सांगितलेले पक्के रुग्ण होते गर्भाशयमुखाचे 3, स्तनाचा 1 आणि तोंडाचे 8.

मला यात दोन्ही बाजू दिसतात. प्रश्नावलीतलं ‘हो’ म्हणजे कर्करोग नव्हे. चाळणी मोठ्या भोकांची असते, तिच्यातून पुष्कळ पडतं आणि बहुतेक निर्धोक निघतं. अमेरिकेत मॅमोग्राफी झालेल्या हजार बायकांपैकी शंभर एक जणींना पुन्हा बोलावतात आणि कर्करोग निघतो साधारण पाच जणींना. पण जिला ‘हो’ म्हणून पुढे पाठवली, तिचं पुढे काय झालं हे कुणी तिला सांगितलं का? शिबिराचा मंडप दुसऱ्या दिवशी उतरतो. 17 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर 2025 या पंधरवड्यात देशभर ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान झालं, त्यातही स्तनांची तपासणी होती. गाठ लागलेल्या बाईचा प्रवास मात्र शिबिरानंतर सुरू होतो: आधी ग्रामीण रुग्णालय, मग सोनोग्राफीचा वार, मग सिव्हिल, मग बायोप्सी, मग तिचा रिपोर्ट आणायला पुन्हा एक फेरी.

पैशांचं थोडं सांगायला हवं. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन बसतं. पण योजना साधारणपणे निदान झाल्यावर आणि भरती झाल्यावर कामाला येते. त्याआधीच्या फेऱ्यांचं एसटीचं भाडं, बरोबर येणाऱ्या नवऱ्याची किंवा जावेची बुडालेली मजुरी, मशीन बंद म्हणून बाहेर केलेली सोनोग्राफी, हे सगळं बाईच्या पदराला. आणि बाई घरात स्वतःसाठी पैसे मागणार सर्वांत शेवटी.

पैसा हे एकच कारण नाही, हेही खरं. ब्रिटनमध्ये मॅमोग्राफी फुकट आहे, पत्र घरी येतं, तरी तिथल्या दक्षिण आशियाई बायकांचा प्रतिसाद सरासरीपेक्षा कमीच असतो. पुरुष तंत्रज्ञ असेल का, कपडे काढावे लागतील का, निघालंच काही तर मुलीच्या लग्नाचं काय, हे प्रश्न बाई समुद्रापलीकडेही बरोबर घेऊन जाते.

त्या दुपारी शेवटी आशाताईंनी मला त्यांची स्वतःची वही दाखवली. सरकारी रजिस्टर वेगळं. ही दोनशे पानी, मुलाच्या शाळेतली उरलेली. तिच्यात पेन्सिलीनं रकाने पाडले होते: नाव, कशासाठी पाठवलं, कुठं पाठवलं, गेली का, रिपोर्ट आणला का. शेवटचे दोन रकाने बहुतेक रिकामे होते. त्यांनी त्या वहिनींचं नाव लिहिलं, ‘सिव्हिल’ लिहिलं, आणि तिथल्या तिथं फोन लावला.

“मालक काय म्हणाले?”

पलीकडचं मला ऐकू आलं नाही.

“सोयाबीन निघंपर्यंत नको, वहिनी. मंगळवारी मी येते ना बरोबर. सकाळच्या साडेसातच्या गाडीनं. आधार कार्ड, रेशन कार्ड पिशवीत टाकून ठेवा.”

फोन ठेवून त्यांनी ‘गेली का’ या रकान्यात ‘मंगळ.’ एवढं लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.